चौथा मजला धरून

मी आधी सही केली नाही आणि नंतर केली, आणि दोन्ही वेळा अख्खी बिल्डिंग माझ्यावर चिडली. तुम्ही बाहेरून काय काय ऐकलंय मला माहितीये. माझ्या हट्टापायी एका म्हातारीला कोंडून ठेवलं, वडिलांना खुर्चीसकट जिन्यात सोडून दिलं, वगैरे. त्यातलं वडिलांचं खरं आहे. पण सरकून बसा आणि मधे मधे बोलू नका, मला एका दमात सांगू द्या.

तर आमच्या ऑफिसने दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं. आमचं ऑफिस म्हणजे, औषधाच्या बाटल्यांची लेबलं छापतात ते. मी लेबलं तपासते. किती मिली, दिवसातून किती वेळा, मुदत कधी संपते, आणि सगळं बरोबर असलं की कोपऱ्यात माझी बारीकशी सही. सही झाल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. मशीनवाले काका रोज म्हणतात, अगं काल पण हेच लेबल होतं, टाक ना करून. आणि मी रोज पहिल्यापासून वाचते. त्यांना वाटतं मी खडूस आहे. असेनही.

ट्रेनिंग होतं इमर्जन्सीचं. आग लागली तर काय, गॅस गळला तर काय, धुरात कसं सरपटायचं. बाकीचे सगळे दुसऱ्या दिवशी फुकटची पिशवी घेऊन घरी गेले, मी मात्र भारावून गेले. कारण शिकवणाऱ्या मॅडम एक वाक्य बोलल्या. म्हणाल्या, टॉर्च आणि दोर नंतर घ्या, आधी आपण काय करणार आणि काय अजिबात करणार नाही ते ठरवा, कारण त्या वेळी ठरवायला वेळ नसतो. मी घरी गेले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे माझी इमर्जन्सीची तत्त्वं लिहून काढली. स्वतःची, वैयक्तिक. सात होती. वस्तूंच्या आधी माणसं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. मोजताना कोणाला गाळायचं नाही. तयारीबद्दल खोटं लिहायचं नाही. अशी. फ्रिजवर लावली. आईने भाजी चिरता चिरता सगळी वाचली आणि विचारलं, वस्तूंच्या आधी माणसं ठीक आहे, पण कुकर चालू असला तर. मी म्हटलं कुकर तसाच सोडायचा. ती म्हणाली, आणि नंतर तो घासणार कोण. संध्याकाळी बघते तर खाली पेन्सिलने आठवं तत्त्व लिहिलेलं, फ्रिजवर कागद चिकटवायचे नाहीत. अक्षर बाबांचं होतं, पण डोकं तिचं, हे मला कळतं.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. माझी चूक एवढीच की मी प्रमाणपत्राचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्याच सोमवारी लिफ्टला सील लागलं. लिफ्ट बिघडली नव्हती, ठणठणीत होती. पण नवा नियम आला होता की लिफ्टचा परवाना पुढे चालू ठेवायचा असेल तर बिल्डिंग रिकामी करण्याची कवायत झाल्याचा कागद जोडायचा, आणि आमच्या कमिटीने ते पत्र पंख्याच्या वॉरंटीबरोबर खणात ठेवलं होतं. एक माणूस आला, दारावर कागदाची पट्टी आडवी चिकटवली, दोन शिक्के मारले आणि जिन्याने निघून गेला. चार मजले, सोळा घरं, बावन्न माणसं, आणि एक पट्टी.

सेक्रेटरीकाका तळमजल्यावर राहतात, त्यामुळे ते शांत होते. तरी संध्याकाळी आमच्या घरी आले, तीन मजले चढून, म्हणजे काम महत्त्वाचं. हातात फॉर्म. नमुना क. त्यात छापलेलं होतं की अमुक तारखेला कवायत झाली, सर्व रहिवासी दहा मिनिटांच्या आत जिन्याने खाली आले, आणि खाली सही कोणाची, तर बिल्डिंगमधल्या प्रशिक्षित सज्जता प्रमुखाची. काका म्हणाले, तू प्रशिक्षित आहेस, ग्रुपवर बघितलं, कमिटीने तुला सज्जता प्रमुख नेमलंय. मला इतका अभिमान वाटला की मी आईकडे वळून बघितलं. मग काका म्हणाले, तर इथे सही कर, उद्या लिफ्ट सुरू.

मी विचारलं, कवायत कधी झाली.

ते म्हणाले, मागच्या रविवारी.

मी म्हटलं, काका, मागच्या रविवारी मी घरीच होते, केस धुतले होते.

ते म्हणाले, अगं कागदावर झाली.

आता तुम्ही म्हणाल एवढ्या तेवढ्यावर काय. पण माझं तत्त्व फ्रिजवर होतं, माझ्या पाठीमागे, काकांच्या बरोबर तोंडासमोर. मी म्हटलं, खरीखुरी घेऊ या ना कवायत, दहा मिनिटांचं तर काम आहे. काका माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी त्यांना नाचा म्हटलंय. बाबा म्हणाले, घेऊ या की, त्यात काय. बाबांना काय माहीत होतं त्यांच्यावर काय येणार आहे.

आणि इथे चौथ्या मजल्यावरच्या बाई येतात. बाई म्हणजे शाळेत पीटी शिकवायच्या, तीस वर्षं. गळ्यात अजून शिटी आहे, भांडीवालीला हाक मारायची असली तरी शिटी. बाकी सगळं कडक, फक्त दोन्ही गुडघे गेलेत. सपाटीवर काठी घेऊन चालतात, जिना उतरता येत नाही. लिफ्ट बंद झाल्यापासून त्या वर. आणि पुढच्या शुक्रवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. एका डोळ्याने आधीच नीट दिसत नाही, दुसऱ्याचा मोतीबिंदू पिकून गेलाय, आणि तारीख मिळाली होती चार महिने वाट बघून. ही चुकली की पुन्हा चार महिने, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की एवढं थांबू नका, डोळा हातचा जाईल.

म्हणजे बघा. लिफ्ट पाहिजे तर सगळ्यांनी जिन्याने उतरून दाखवायचं. सगळ्यांत बाई आल्या. बाईंना उतरायला लिफ्ट पाहिजे.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून अग्निशमनच्या ऑफिसात गेले. खिडकी नंबर चारवरचे क्लार्क भले होते. मी विचारलं, ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांच्यासाठी काही सवलत आहे का. म्हणाले आहे की, नमुना ड. मला एवढा आनंद झाला. त्यांनी फॉर्म काढून दिला आणि म्हणाले, भरून त्या रहिवाशाने स्वतः या खिडकीवर आणून द्यायचा. मी म्हटलं, त्या जिना उतरू शकत नाहीत. ते म्हणाले, म्हणूनच तर नमुना ड. मी म्हटलं, मग त्या इथे कशा येणार. त्यांनी खरंच विचार केला, चष्मा काढून विचार केला, आणि म्हणाले, लिफ्टने.

मग मी विचारलं, बरं, कवायत बघायला तुमच्याकडून कोणी अधिकारी येतात का. तर त्यांनी पेनच खाली ठेवलं. मागच्या टेबलावरचा माणूस पण उठून बघायला आला. येतात असं नियमात आहे म्हणे, पण सतरा वर्षांत कोणी बोलावलं नव्हतं, सगळे सही करून कागद देतात. बोलावण्याचा अर्ज सापडायला पाऊण तास लागला. एका कपाटाच्या खालच्या फळीत होता, वर फुलदाणी ठेवलेली. मी भरला. रविवार, सकाळी अकरा. म्हणजे शुक्रवारच्या आधी.

बिल्डिंगमध्ये हे कळल्यावर ग्रुपवर जे काही सुरू झालं ते मी तुम्हाला नंतर दाखवते, जपून ठेवलंय. थोडक्यात, पोरगी आगाऊ आहे. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं की जिना चढून पेशंट येतात तेव्हा धापा टाकत असतात आणि तोंड उघडं ठेवता येत नाही, ठेवलं तर मिटता येत नाही, याला जबाबदार कोण. सेक्रेटरीकाकांनी तर शक्कल काढली. म्हणाले, कवायत घे तुझी, पण चौथ्यावरच्या बाई त्या दिवशी बहिणीकडे गेल्यात असं लिहू. एक्कावन्न माणसं उतरवू, आठ मिनिटांत काम फत्ते. मी म्हटलं, बाई तर वर असतील. काका म्हणाले, त्यांना गॅलरीत येऊ नका म्हणून सांगू.

मी नाही म्हटलं. मग सगळ्यांनी उपाय सुचवायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं, त्यात काय. मी म्हटलं आधी रंगीत तालीम. बाईंच्या जागी कोण बसणार, तर वजन साधारण तेवढंच म्हणून बाबा. बाबा ऐटीत बसले, खुर्चीच्या हातांवर हात ठेवून, जशी मिरवणूकच निघालीये. पुढे डॉक्टर आणि मशीनवाले काका, ते बिचारे माझी एक पिशवी द्यायला आले होते, सापडले. मागे सेक्रेटरीकाका आणि मी. चौथ्यावरून निघालो. पहिल्या वळणाला खुर्ची भिंत आणि कठड्याच्या मधे अशी बसली की ना खाली ना वर. डॉक्टर म्हणाले, तिरकी करा. तिरकी केली. बाबा म्हणाले, मी घसरतोय. डॉक्टर म्हणाले, रिलॅक्स, मोठा श्वास घ्या. सवय हो, दुसरं काय. कशीबशी सुटली, पुढे दोन पायऱ्या उतरलो, आणि सेक्रेटरीकाकांच्या पाठीतून एक आवाज आला. ते आहे तिथेच वाकलेले राहिले. खुर्चीचा एक पाय मोडला. बाबांना आम्ही साडेतिसऱ्या मजल्यावर सोडून दिलं, हे खरं आहे, नाकारत नाही. ते तिथून स्वतः चालत घरी आले आणि दोन दिवस माझ्याशी फक्त आईमार्फत बोलले.

बाई वरून कठड्यावर हनुवटी टेकवून सगळं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, पायांचा ताळमेळ शून्य, आणि मी काय कपाट आहे का, मी यात बसणार नाही. आणि शिटी वाजवून आम्हाला विसर्जित केलं.

तो आठवडा असाच गेला, कवायतीच्या आदला शनिवार उजाडला. आता मात्र बिल्डिंगमध्ये कोणी चिडत नव्हतं, त्यापेक्षा वाईट झालं होतं. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. आईने सकाळी चहा पुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिली. मला वाटलं कुकरबद्दल काहीतरी असेल. ती म्हणाली, "तुझी तत्त्वं चांगली आहेत गं. पण डोळा तुझा नाहीये."

आता सांगा. मी लेबलावर सही करते ना, ती कोणाच्या तरी पोटात चुकीचं औषध जाऊ नये म्हणून. इथे माझ्या सही न करण्याने माणूस आंधळा होत होता. मी चहा तसाच ठेवला, नमुना क घेतला, पेन घेतला आणि चौथ्या मजल्यावर गेले. ठरवून गेले होते की बाईंना सांगून, त्यांच्यासमोरच सही करायची आणि काकांना देऊन टाकायची. रविवारचा अधिकारी रद्द. तत्त्व गेलं खड्ड्यात. फ्रिजवरचा कागद पण मनातल्या मनात काढून टाकला होता.

बाई ऑपरेशनची बॅग भरत होत्या. टॉवेलच्या घड्या, डोळ्यांचे रिपोर्ट, सगळं नाकाजवळ धरून बघत. मी एका श्वासात सांगून टाकलं की मी सही करतेय, तुम्ही बहिणीकडे गेलायत असं लिहितेय, उद्या लिफ्ट सुरू होईल.

त्यांनी बॅगेची चेन लावली. म्हणाल्या, "मी इथे बसलेय आणि तू मला बहिणीकडे पाठवतेस? कोणाला विचारून?"

मी म्हटलं, बाई, फक्त कागदावर.

"कागदच तर घेऊन उभे राहतील ना खाली. उद्या खरंच धूर झाला, बंबवाल्यांनी विचारलं वर कोणी आहे का, तर तुमचा सेक्रेटरी कागद बघून सांगेल, कोणी नाही, चौथ्यावरच्या बाई गावाला असतात. आणि मी इथे खिडकीत शिटी वाजवत बसू?" मग बॅग बाजूला ठेवून म्हणाल्या, "तीस वर्षं मी मुलं मोजली. सहलीला, मैदानावर, पुरात एकदा. दोनशे अकरा मुलं. दोनशे दहा झाली तर मी बस हलू दिली नाही. आता मीच ती राहिलेली एक, तर तू बस हलवतेस होय."

मी रडायला लागले. लाज काय त्यात, रडले. म्हटलं, मग डोळ्याचं काय करू.

त्या म्हणाल्या, डोळा माझा आहे, मी बघते काय करायचं ते. तू उद्या अकराला घंटा वाजव. आणि जाताना तो फॉर्म कोराच घेऊन जा.

रविवार. अधिकारीसाहेब अकराला पाच कमी असताना आले, हातात स्टॉपवॉच, पाठीवर शिक्क्यांची बॅग. फाटकातून आत आले आणि थबकले. कारण अख्खी बिल्डिंग खाली उभी होती. इस्त्रीचे कपडे घालून. पावणेअकरापासून. साहेब येणार, उशीर कसा करायचा, म्हणून. दोन दोन कुलपं लावून, गॅस सिलिंडरपाशी बंद करून, झाडांना पाणी घालून आले होते. एका काकूंनी तर साहेबांसाठी सरबत आणलं होतं.

साहेबांनी मला विचारलं, घंटा झाली का. मी म्हटलं, नाही साहेब. ते म्हणाले, मग हे सगळे कशातून वाचलेत.

सगळ्यांना परत वर पाठवलं. काय कुरकुर, काय कुरकुर. आत्ताच तर उतरलो म्हणे. निम्मे लोक पहिल्या मजल्याच्या वळणावरच दबा धरून बसले, मी वर जाऊन एकेकाला घरात घातलं, बाबांना सुद्धा. डॉक्टर म्हणाले, मी पहिल्या मजल्यावरच राहतो, मला वळणावर उभं राहायचा हक्क आहे. त्यांनाही घातलं. मग घंटा वाजवली.

सहा मिनिटं वीस सेकंदांत एक्कावन्न माणसं खाली. कोणी कुलूप लावायला थांबलं नाही, आई तर कुकर चालू सोडून आली, आणि हे तिने येताच मला सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. टाळ्या झाल्या. सेक्रेटरीकाका पाठीला पट्टा बांधून उभे होते, ते साहेबांना म्हणाले, चला साहेब, झालं, सरबत घ्या.

मी म्हटलं, बावन्न आहेत. एक यायचंय.

तेवढ्यात वरून शिटी आली. एक लांब शिटी, मग धप्प. मग शिटी, मग धप्प. मी धावत वर गेले.

बाई चौथ्याच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. खाली सतरंजीची घडी कमरेला ओढणीने बांधलेली, काठी मांडीवर, ऑपरेशनची बॅग गळ्यात. बसल्या बसल्या दोन्ही हातांवर भार देऊन एक पायरी खाली सरकायच्या, टेकायच्या, शिटी. पुढची. बहात्तर पायऱ्या आहेत आमच्याकडे. मी हात द्यायला गेले तर म्हणाल्या, हात नको, खाली एक पायरी सोडून बस, मी गडगडले तर अडव. म्हणून मी पण बसले, आणि आम्ही दोघी तशाच, बसून, बहात्तर पायऱ्या.

तुम्हाला हसू येतंय ना. मलाही पहिल्या चार पायऱ्यांना आलं. पण ही बाई अख्ख्या शाळेला ताठ उभं राहायला शिकवणारी. हिने लिफ्ट बंद झाल्यापासून कोणाला स्वतःला उचलू दिलं नाही, बसून उतरणं तर सोडाच. मला म्हणाल्या, पहिल्याच दिवशी सुचलं होतं हे, पण लोकांसमोर बुडावर उतरायची लाज वाटत होती. मी म्हटलं, मग आज? तर म्हणाल्या, आज गिनती चालू आहे.

दुसऱ्या मजल्यावर थांबून पाणी प्यायल्या. तिथपर्यंत खालचे लोक वर डोकवायला लागले होते. सगळ्यात पुढे बाबा होते. एक एक पायरी मागे सरकत होते, आमच्यासाठी जागा करत.

शेवटच्या पायरीवर त्या काठी टेकून उभ्या राहिल्या, सतरंजी सोडली, घडी करून काखेत मारली आणि साहेबांना म्हणाल्या, चौथा मजला हजर. साहेबांनी स्टॉपवॉच थांबवलं. त्रेचाळीस मिनिटं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाले, "बाळा, दहाच्या वर गेलं की नापास. आकडा प्रमुखाने स्वतः भरायचा असतो." आणि ते दुसरीकडे बघायला लागले. फाटकाकडे. बराच वेळ.

कळलं ना तुम्हाला? मला पण कळलं. सेक्रेटरीकाकांना तर माझ्या आधी कळलं. त्यांनी कानापाशी येऊन सांगितलं की नऊ लिही, आता तर बाई पण खरंच उतरल्यात, आता खोटं ते काय राहिलं. मागे पन्नास माणसं. सगळ्यांचे गुडघे. डॉक्टरांचे पेशंट. आई कुकरकडे म्हणजे वर बघत होती.

मी त्रेचाळीस लिहिलं. आकड्यात आणि अक्षरात. आणि सही केली, मोठी, पूर्ण नावाची.

साहेबांनी वळून बघितलं, उसासा टाकला, बॅगेतून शिक्का काढला. नापास. एक एवढा मोठा जांभळा शिक्का. पंधरा दिवसांनी फेरकवायत, तोपर्यंत सील कायम. लोकांच्या तोंडून असा एक आवाज निघाला, जसा टायरमधून निघतो. काकूंनी सरबताचा ट्रे मागे घेतला.

सेक्रेटरीकाका माझ्यावर ओरडणारच होते, पण तेवढ्यात बाईंनी विचारलं, सील कायम म्हणजे मी वर कशी जाणार. सगळे साहेबांकडे बघायला लागले. तर म्हणाल्या, ठीक आहे, शुक्रवारी डोळा करून घेते, आणि फेरकवायतीपर्यंत खालीच राहते. आणि काठी टेकत टेकत सरळ सेक्रेटरीकाकांच्या घरात शिरल्या. दार उघडंच होतं. काकू सरबत घेऊन मागोमाग गेल्या.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. छान झालं. पट्टी निघाल्यावर बाईंना पहिल्यांदा स्वच्छ दिसला तो सेक्रेटरीकाकांचा हॉल, आणि तेव्हापासून काकांचं काही खरं नाही. सकाळी सहाला शिटी. पाठ दुखते म्हणून व्यायाम. आणि संध्याकाळी सातला सगळ्या बिल्डिंगची जिन्यात प्रॅक्टिस, कारण साहेबांनी कवायतीच्या दुसऱ्या दिवशी फोन करून मला सांगितलं की त्यांच्याकडे माणूस उतरवायची पट्ट्यांची कापडी खुर्ची असते, वळणावर अडकत नाही, उसनी मिळते. मी म्हटलं, साहेब, आधी का नाही सांगितलं. ते म्हणाले, कोणी विचारलं नाही. मी विचारलं होतं, खिडकी नंबर चारला. पण जाऊ दे.

बाईंना वर नेता येत नाही, म्हणून त्यांच्या जागी खुर्चीत सेक्रेटरीकाका बसतात. वजन जास्त आहे, बाई म्हणतात, सराव जड वजनानेच करावा. बाबा पुढची पट्टी धरतात आणि माझ्याशी थेट बोलतात आता. डॉक्टर मोजतात. पहिल्या दिवशी एकतीस मिनिटं आली, मग चोवीस. काल सोळा.

आणि काल काय झालं सांगते, मग उठू या. शेजारच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी आले होते आमच्या काकांना भेटायला. त्यांच्याकडे पण पत्र आलंय. काका पट्ट्यांमध्ये बांधलेले, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, आम्ही दम खायला थांबलेलो. ते गृहस्थ खालून म्हणाले, अहो कशाला एवढा तमाशा, आम्ही तर सही करून मोकळे झालो, दहा मिनिटं लिहून टाकली, लिफ्ट चालू. आमच्याकडे पण एक आजोबा आहेत अंथरुणाला खिळलेले, त्यांना धरलंच नाही.

मला वाटलं आता काका म्हणणार, बघ, बघ, शीक काहीतरी. मी पट्टी घट्ट धरून उभी राहिले.

काका खुर्चीतूनच वाकून म्हणाले, "कितव्या मजल्यावर?"

ते म्हणाले, कोण?

"आजोबा तुमचे. कितव्या मजल्यावर असतात?"

ते गृहस्थ आठवायला लागले. तिसरा की चौथा म्हणाले, बघून सांगावं लागेल.

काका पट्ट्या ओढून सरळ बसले. मला म्हणाले, चल गं, उचल.

रविवारी फेरकवायत आहे, त्यातही बाईंच्या जागी चौथ्यावरून काकाच उतरणार. अजून सहा मिनिटं कमी करायचीत, आणि नाही झाली तर नाही झाली, जी येतील ती लिहिणार. मोजायला माणसं कमी पडतायत, तुम्ही सगळे साडेदहाला या.